मुलाच्या आनुवंशिक आजाराची बातमी छापून येऊ द्यावी का?

तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या १३ वर्षांच्या मुलाला विल्सन आजार (शरीरात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) असल्याचं निदान दोन महिन्यांपूर्वी झालं. त्याआधी दीड वर्ष सिन्नर, नाशिक, पुणे अशी वणवण झाली. आता ओळखीतले एक पत्रकार म्हणतात, नाशिक आवृत्तीत मुलाच्या फोटोसह मोठी बातमी करू, लोकांना आजार कळेल आणि चार हात मदतीलाही येतील. तुम्हाला ते पटतंय. पत्नीचा विरोध आहे, कारण मोठी मुलगी १९ वर्षांची आहे आणि उद्या तिचं लग्न जमवताना हे आड येईल. बातमी द्यावी की नाही, असा तुमचा प्रश्न आहे.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. विल्सनचे रुग्ण माझ्यापर्यंत बहुतेक वेळा उशिराच पोहोचतात, त्यामुळे या आजाराबद्दल लोकांना कळावं अशी माझीही मनापासून इच्छा आहे. तरीही मी लगेच 'हो, द्या बातमी' म्हणणार नाही. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती बातमीपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

तुमची मुलगी तुमच्या मजकुरात फक्त लग्नाच्या ओघात आली आहे. तिची विल्सनसाठी तपासणी झाली का, याबद्दल एक शब्दही नाही. आई आणि वडील दोघांकडूनही एटीपी७बी या जनुकाची सदोष प्रत आली, तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः धडधाकट असतात, त्यांच्यात एकेकच सदोष प्रत असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मुलाला झाला म्हणून मुलगी सुटली, असं नसतं. ती कॉलेजला जाते, स्कूटी चालवते, तिला काही होत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण साधारण ५ ते ३५ या वयात हा आजार केव्हाही डोकं वर काढू शकतो आणि तोपर्यंत यकृतात तांबं गुपचूप साठत राहतं. लक्षणं दिसण्याआधीच सापडला, तर रोजच्या गोळ्यांवर माणूस नोकरी, संसार, मुलंबाळं सगळं करत निरोगी राहू शकतो. लक्षणं आल्यावर सापडला, तर मेंदूचं झालेलं नुकसान सगळंच भरून येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. बातमी महिनाभर थांबली तर काही बिघडणार नाही. मुलीची तपासणी मात्र या आठवड्यात व्हायला हवी.

ती अवघड नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन, विल्सनमध्ये ते सहसा कमी असतं), यकृताच्या तपासण्या, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि डोळ्याच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) बुबुळाची तपासणी. लघवीसाठी लॅबकडूनच डबा मागून घ्या, घरातला घेऊ नका. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून पुढची सगळी गोळा करायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली त्यात घालून डबा द्यायचा. अंगात ताप-संसर्ग असेल किंवा काही हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर सेरुलोप्लाझमिन वाढून खोटा दिलासा मिळू शकतो, म्हणून एका रिपोर्टवर विसंबू नका. मुलाची जनुक तपासणी झाली असेल आणि दोन्ही प्रतींतला दोष नेमका सापडला असेल, तर तोच दोष मुलीच्याही दोन्ही प्रतींत आहे का हे पाहता येतं आणि मग शंकेला जागा राहत नाही.

आता पत्नीच्या भीतीबद्दल. ती भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. आनुवंशिक आजारात एकाची बातमी ही सगळ्या घराची बातमी असते. मुलाचं नाव आणि गाव छापून आलं की बहीण, काका, आत्या, चुलत भावंडं सगळीच ओळखली जातात. त्यातल्या कुणालाही कुणी विचारलेलं नसतं. मुलीला आजार नसेल तर ती वाहक असण्याची, म्हणजे तिच्यात एकच सदोष प्रत असण्याची, शक्यता तीनात दोन आहे. वाहक व्यक्तीला विल्सन होत नाही, औषध लागत नाही, पथ्य लागत नाही. आणि समजा तिला आजार निघालाच, तरी नात्याबाहेरच्या जोडीदाराबरोबर तिच्या मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे २०० मध्ये एक इतकीच राहते. हे आकडे लग्न ठरवायला बसलेल्या मंडळींना माहीत नसतात. त्यांच्या कानावर 'त्या घरात आजार आहे' एवढंच पडतं.

पण मुलगी १९ वर्षांची आहे. ही माहिती तिची स्वतःची आहे. होणाऱ्या जोडीदाराला काय, केव्हा, कसं सांगायचं हे तिने ठरवायचं. (तिला आजार निघाला तर जोडीदारापासून लपवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात, गरोदरपणातही सोडायच्या नसतात, ते लपून राहत नाही.) बातमी द्यायची की नाही याची चर्चा तुम्ही दोघं करताय, मुलीला कुणी विचारल्याचं मला तुमच्या लिहिण्यात दिसलं नाही. तिला विचारा. ती नको म्हणाली तर नाव-गाव-फोटो असलेली बातमी नको, माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं आहे.

मुलालाही विचारायला हवं, आणि एकट्याला. तेराव्या वर्षी बोलताना जीभ अडखळते, लाळ येते, हात थरथरतो, वर्गातली मुलं नक्कल करतात, हे सगळं तो आधीच सोसतोय. त्याचा आत्ताचा फोटो इंटरनेटवर राहणार आहे, त्याची प्रकृती मात्र आत्तासारखी राहणार नाही. उपचाराने सुधारणा दिसायला काही महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांत पेनिसिलामाइन (साठलेलं तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्रास उलट वाढतो. म्हणजे 'अखेर निदान झालं, मुलगा बऱ्याच्या मार्गावर' अशी बातमी यायची आणि त्याच आठवड्यात त्याचं बोलणं आणखी जड झालेलं असायचं, असंही होऊ शकतं. त्याचे डॉक्टर काय म्हणतात यावर बरंच अवलंबून आहे. तीन वर्षांनी दहावीचा पेपर स्वतःच्या हाताने लिहून आलेला मुलगा हीच गोष्ट स्वतः सांगू शकतो, आणि तेव्हाही ती बातमीच असेल.

पैशांच्या मदतीचा मुद्दा लवकर संपवते. तुमच्या मुलाला सध्या गोळ्या चालू आहेत, यकृत प्रत्यारोपणाचा विषय नाही. तांबं पोटातून शोषलं जाऊ नये म्हणून देतात ते झिंक परवडणारं आहे, पेनिसिलामाइनही कोटींच्या घरातलं औषध नाही. अडचण येते ती अधूनमधून दुकानात न मिळण्याची, म्हणून निदान महिनाभराचा साठा घरात ठेवा. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या निमित्ताने १६ कोटींचं इंजेक्शन घरोघरी माहीत झालं, केंद्र सरकारने त्यावरचं आयात शुल्क आणि कर माफ केले. तो आजार एसएमए (स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार), तोही आनुवंशिक. त्या बातम्यांनी एसएमएच्या कुटुंबांना आवाज मिळाला, हे चांगलंच झालं. पण तेव्हापासून दुर्मीळ आजार म्हटलं की लोकांच्या मनात आधी कोटींचा आकडा येतो. विल्सनचं निदान सांगितल्यावर आईवडील पहिला प्रश्न 'किती कोटी?' असा विचारतात आणि महिन्याच्या गोळ्यांचा खर्च ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. तुमच्या बातमीत बँक खात्याचा नंबर आला, तर वाचणाऱ्याच्या मनात विल्सनही त्याच रांगेत जाऊन बसेल. उपचार असलेला, आवाक्यातला आजार म्हणून तो लोकांना कळणं जास्त गरजेचं आहे.

आता मूळ मुद्दा, जागृती. ती कुणाची करायची हे ठरल्याशिवाय बातमी कशी असावी हे ठरत नाही.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. लहान बाळांचं यकृत निकामी करणारा 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' नावाचा आजार एके काळी आपल्याकडे पुष्कळ होता. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात त्यावर काम केलं. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं दूध अगदी लहान वयात बाळांना दिलं जात होतं, याच्याशी त्यांनी आजाराचा संबंध दाखवला. बाळाचं दूध स्टीलच्या भांड्यात तापवा, एवढा साधा निरोप घराघरात गेला, भांडी बदलत गेली आणि तो आजार आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. तिथे जागृतीने काम केलं, कारण करायची गोष्ट एकच होती आणि ती प्रत्येक घराच्या हातात होती.

विल्सनमध्ये तसं नाही. आपल्या रोजच्या जेवणातून थोडं तांबं पोटात जातंच, शरीराला ते लागतंही. जास्तीचं तांबं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. विल्सनमध्ये हा निचराच तुंबलेला असतो, मोरीचं तोंड बुजल्यासारखा. मग तांबं यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साठतं. भांडी बदलून आजार टळत नाही. आणि नाशिकमध्ये नेमका इथेच घोटाळा होईल, अशी मला भीती आहे. आपल्या भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली, सध्या तांब्याच्या बाटलीतून पाणी पिण्याची टूमही आहे. पत्रकार कितीही चांगला असला तरी मथळा तो देत नाही, डेस्कवर बसलेली व्यक्ती देते. 'तांब्याच्या पाण्याने मुलाला जडला दुर्मीळ आजार' असा मथळा एकदा लागला की तो व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षभर फिरेल. लोक तांब्याचे हंडे माळ्यावर टाकतील आणि आपण सुरक्षित झालो असं समजतील. ज्या मुलात खरोखर आजार आहे, तो तसाच राहील. तुमच्या घरात तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करा, काजू-बदाम, चॉकलेट, मशरूम, कलेजी यांवर डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळा. पण पथ्य हे औषधाला पूरक असतं, त्याच्या जागी चालत नाही.

मग विल्सनची जागृती नेमकी कुणाची व्हायला हवी? ज्याच्या समोर हा रुग्ण पहिल्यांदा उभा राहतो त्याची. तुमच्या दीड वर्षाचा हिशोब मांडून बघा, त्यात तुम्हालाच ही माणसं सापडतील. कावीळ वारंवार होते म्हणून उतरवायला घेऊन जाणारे नातेवाईक, कारण न शोधता यकृताचं टॉनिक लिहून देणारा दवाखाना, चिडचिड वाढली म्हणून मानसोपचाराकडे झालेली रवानगी, आणि शाळा. शाळेवर जरा थांबते, कारण माझ्या अनुभवात पहिली खूण पुष्कळदा वहीत असते.

असा मुलगा आला की मी मागच्या वर्षीच्या वह्या मागवते. एका मुलाच्या दोन वह्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. जूनमधल्या वहीत अक्षर टपोरं, शिरोरेषा सरळ, काना ताठ. जानेवारीतल्या वहीत तेच अक्षर निम्म्याने बारीक झालेलं, शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर तुटलेली, काना तिरपा आणि ओळ उजवीकडे जाता जाता खाली घसरलेली. समासात बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं, 'अक्षर सुधार'. पुढच्या पानावर पुन्हा तेच, खाली दोन रेघा मारून. बाईंचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की चांगलं अक्षर असलेल्या मुलाचं अक्षर काही महिन्यांत असं ढासळलं, तर तो आळस नसतो. त्या मुलाला मी डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बुबुळाच्या कडेला साठलेल्या तांब्याचं सोनेरी-तपकिरी कडं होतं, कायझर-फ्लायशर (केएफ) रिंग. मेंदूची लक्षणं असलेल्या बहुतेक सगळ्या विल्सन रुग्णांत ते दिसतं. फक्त यकृताचा त्रास असलेल्यांत मात्र सुमारे निम्म्यांतच दिसतं, त्यामुळे कडं नाही म्हणून विल्सन नाही असं म्हणता येत नाही. हे कडं १९०२-०३ पासून वैद्यकाला माहीत आहे, विल्सन यांनी आजाराचं वर्णन १९१२ मध्ये केलं, १९५६ पासून त्यावर गोळी आहे. इतकं जुनं ज्ञान हाताशी असताना मुलं वर्ष-दीड वर्ष फिरत राहतात, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं की बातमी द्या, पण ती मुलाची नको, आजाराची द्या. नाव, फोटो, शाळा, गाव काहीही न देता 'नाशिक जिल्ह्यातील एक कुटुंब' एवढ्यावर ती लिहिता येते. चांगल्या पत्रकाराला ते जमतं. त्याला एवढं नक्की द्यायला सांगा: लहान किंवा तरुण वयात कारण न सापडलेला यकृताचा त्रास, किंवा बिघडत गेलेलं अक्षर, जड झालेलं बोलणं, लाळ, थरथर, एकाएकी बदललेला स्वभाव, यापैकी काही असेल तर विल्सनची तपासणी करून घ्या. तपासण्या कोणत्या ते लिहायला सांगा. एकाला आजार असेल तर सख्ख्या भावंडांना तपासा, हे ठळक लिहायला सांगा. आजार संसर्गाने पसरत नाही हेही हवं. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तर काही महिन्यांत यकृत एकदम निकामी होऊ शकतं, ही ओळ कुठल्याही परिस्थितीत कापू नका, असं त्यांना बजावा.

'विचित्र आजाराने ग्रासले' किंवा 'आईवडिलांचा आक्रोश' असलं काही नको. बातमी छापण्याआधी तुमच्या डॉक्टरांना वाचायला द्यायची आणि मथळाही दाखवायचा, अशी अट घाला. छापण्याआधी मजकूर दाखवायची पद्धत आमच्याकडे नाही, असं काही पत्रकार म्हणतात. त्यांचं तत्त्व मला समजतं. मग निदान वैद्यकीय भाग तपासून घ्या, एवढा आग्रह धरा. तेही मान्य नसेल तर थांबा.

आणखी एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, तो म्हणजे तुमचं लग्न नात्यात झालंय का. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत सर्रास होतं आणि अशा लग्नात दोघांकडे तेच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. पण विल्सनच्या कित्येक रुग्णांचे आईवडील एकमेकांच्या नात्यातले नसतात. तुमच्याबाबतीत काय आहे हे मी इथे विचारत नाही आणि तुम्हीही छापायला देऊ नका. ते वाक्य एकदा बातमीत आलं की वाचणारे लक्षणं विसरतात आणि आईवडिलांना, त्यातही आईला, बोल लावतात.

वृत्तपत्राखेरीज दुसरी वाट मला जास्त फळ देणारी वाटते. सिन्नर तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेची बैठक होते, मुख्याध्यापकांच्या बैठका होतात. तिथे तुमच्या डॉक्टरांना वीस मिनिटं बोलायला सांगा आणि मुलगा हो म्हणाला तर त्याच्या दोन वह्या, नाव झाकून, दाखवायला द्या. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीमुळे 'आईवडिलांकडून येणारा आजार' ही कल्पना शिक्षकांना आता नवी राहिलेली नाही. तिथे विल्सन समजावून सांगणं तुलनेने सोपं जाईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बातमी आली की फोन येतात. बातमीत स्वतःचा नंबर देऊ नका, रुग्णालयाचा किंवा डॉक्टरांच्या दवाखान्याचा द्या, त्यांच्या संमतीने. तरी ओळखीतून लोक तुमच्यापर्यंत पोहोचतीलच. काही जण तांबं 'उतरवणारं' औषध विकायला येतील, त्यांना दारातूनच परत पाठवा आणि मुलाची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका. काही जण मात्र तुम्ही होतात तसेच फिरून दमलेले आईवडील असतील. त्यांना तुमच्या मुलाच्या गोळीचं नाव किंवा डोस सांगू नका, औषध प्रत्येकाचं वेगळं असतं. तपासण्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा आणि तेवढी फोनवर सांगा. जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन 'केएफ रिंग बघा' असं स्पष्ट म्हणा, हेही सांगा, कारण चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या मुलाच्या बुबुळाची कडा कुणी मुद्दाम तपासत नाही.